पणजोबांचा शोध मोबाईलवरून: जुन्या नोंदी कुठे मिळतात आणि जुळवायच्या कशा?

गेल्या दिवाळीत मी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला आणि पुढचे दोन दिवस घरात नुसता गोंधळ होता.

फोटो होता १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाच्या एका पानाचा. पिवळं पडलेलं, कडा फाटलेल्या, उर्दूत हाताने लिहिलेलं. मला उर्दू येत नाही, म्हणून मी तो फोटो एका एआय चॅटबॉटला दिला आणि विचारलं, 'यात विठोबा लक्ष्मण हे नाव आहे का?' (पणजोबांचं खरं नाव इथे देत नाही. लेखापुरतं त्यांना विठोबा म्हणू आणि त्यांच्या वडिलांना लक्ष्मण.) उत्तर आलं: हो, आहे. पट्टेदार म्हणून नाव आहे आणि क्षेत्र चाळीस एकरांच्या वर.

चाळीस एकर! काकांचा लगेच फोन. चुलतभावाचा मेसेज, 'मग ही जमीन गेली कुठे?' कोणीतरी वकिलाचा नंबर टाकला. माझी ८४ वर्षांची आजी मात्र एवढंच म्हणाली, 'मामंजींकडं कुठलं आलं रं चाळीस एकर? माझं लग्न झालं तवा घरात एकच बैल होता.'

आजी बरोबर होती. चॅटबॉट चुकला होता, आणि त्याच्याआधी मी चुकलो होतो. ती चूक कशी कळली, आणि नंतर खरे पणजोबा कसे सापडले, ते या लेखात सांगतो. सोबत तुम्हाला तुमच्या घरातला असा शोध घ्यायचा असेल तर कोणत्या नोंदी बघायच्या, मोबाईलवर काय होतं आणि काय होत नाही, तेही बघू.

आधी थोडा भूगोल आणि इतिहास

मी छत्रपती संभाजीनगरला वाढलो, पण आमचं मूळ गाव पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर होतं. 'होतं' म्हणतोय, कारण आता तिथे नाथसागर आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. मधल्या काळात काठावरची अनेक गावं उठली, त्यात आमचंही. त्यामुळे गावात जाऊन जुना वाडा बघू, पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारू, हा मार्गच आमच्यासाठी बंद. उरले फक्त कागद.

दुसरी गोष्ट म्हणजे मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमच्या भागात गोदावरी हीच सरहद्द होती. अलीकडे निजामाचा औरंगाबाद जिल्हा, पलीकडे इंग्रजांचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर. होडीने दहा मिनिटांचं अंतर, पण राज्य वेगळं, कॅलेंडर वेगळं आणि दप्तराची लिपीही वेगळी. इकडे उर्दू, तिकडे मोडी मराठी.

आजीच्या तोंडून आम्ही लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी: 'मोठ्या दुष्काळात मामंजींचा बाप त्यांना खांद्यावर घेऊन नदी ओलांडून इकडं आला.' कुठल्या गावाहून? माहीत नाही. कोणता दुष्काळ? माहीत नाही. १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे तीन मोठे दुष्काळ त्या पट्ट्याने पाहिले. म्हणजे 'मोठा दुष्काळ' हे काही उत्तर झालं नाही.

पहिली अडचण: आपल्या पूर्वजांना प्रायमरी की नाही

मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करतो. डेटाबेसच्या टेबलमध्ये प्रत्येक ओळीला एक 'प्रायमरी की' असते, म्हणजे दुसऱ्या कुणाचाच नसलेला नंबर. तुमचा आधार क्रमांक घ्या. 'अमोल पाटील' हजारो असतील, पण तो नंबर एकाचाच.

जुन्या काळी असं काही होतं का? एका ठिकाणी होतं. १८३४ पासून हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास मजूर करारावर मॉरिशसला नेले गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले, मुख्यतः कोकणातले, मराठी लोकही होते. बोटीतून उतरल्यावर प्रत्येकाला एक इमिग्रेशन नंबर मिळायचा आणि पुढची सगळी कागदपत्रं त्या नंबरावर चालायची. ती दप्तरं आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यामुळे मॉरिशसच्या मराठी कुटुंबाला पूर्वजाचा नंबर मिळाला की गाव, वय, बोट असं बरंच काही एका धाग्यात मिळू शकतं. माणसाला नंबर देणारी ती व्यवस्था माणुसकीची मुळीच नव्हती, पण तिची नोंद पक्की राहिली.

आमच्या पणजोबांना असा नंबर कुणी दिला नाही. त्यांचं फक्त नाव आहे, आणि नाव ही फार कच्ची की आहे. तोच माणूस एका कागदात विठोबा, दुसऱ्यात विठू, तिसऱ्यात विठ्ठल. उर्दू दप्तरात लक्ष्मणचा 'लछमन' होतो. नुसतं नाव सर्च केलं तर दोन प्रकारे फसतो आपण: आपला माणूस असून सापडत नाही, किंवा दुसऱ्याचाच माणूस आपला वाटतो.

यावर उपाय म्हणजे 'कॉम्पोझिट की', अनेक गोष्टी मिळून एक ओळख. मी चार गोष्टी ठरवल्या: नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जमिनीचा सर्व्हे नंबर. चारपैकी निदान तीन जुळल्याशिवाय 'सापडले' म्हणायचं नाही. हा नियम मी दिवाळीनंतर केला. आधी केला असता तर वकिलाचा नंबर ग्रुपवर आला नसता.

पायरी १: आजपासून मागे चला

सगळ्यांची पहिली चूक ही की थेट निजामकाळात उडी मारायची. तसं करू नका. जे नक्की माहीत आहे तिथून एकेक पायरी मागे जा.

मोबाईलवर सुरुवात 'महाभूलेख' पासून होते. जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की सातबारा फुकट बघता येतो. कामासाठी चालणारा डिजिटल सहीचा उतारा हवा असेल तर १५ रुपये लागतात. सातबाऱ्यावर नावांपेक्षा महत्त्वाचे असतात ते फेरफार क्रमांक. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर कशी गेली, वारस कोण लागले, ते त्या क्रमांकाच्या फेरफारात म्हणजे गाव नमुना ६ मध्ये लिहिलेलं असतं. एक फेरफार मागच्या फेरफाराकडे नेतो. लिंक्ड लिस्टच म्हणा.

स्कॅन केलेल्या जुन्या अभिलेखांसाठी 'आपले अभिलेख' हे सरकारी संकेतस्थळ आहे. सगळे जिल्हे आणि सगळी गावं तिथे सारखी नाहीत, त्यामुळे आधी यादीत आपला तालुका आहे का ते बघा. नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. हे काम मोबाईलवर होत नाही. सुट्टी टाका.

आणि एक लक्षात ठेवा: तुमच्याकडे आज असलेला गट नंबर जुन्या कागदात सापडणार नाही. जमीन एकत्रीकरणात जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला हे भूमी अभिलेख कार्यालयाच्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यात मिळतं. तो हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आमच्या बाबतीत जमीन पाण्याखाली, त्यामुळे जुना सर्व्हे नंबर मिळाला तो भूसंपादनाच्या निवाड्यात. त्यात गावाचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, मोबदला आणि 'मयत विठोबा यांचे वारस' म्हणून आजोबांचं नाव होतं. ही आमची पहिली पक्की कडी. सर्व्हे नंबर मिळाला आणि तो पुढे नावापेक्षा जास्त उपयोगी पडला, कारण माणसाचं नाव लिहिताना कारकून चुकतो, पण सारा ज्या नंबरावर वसूल करायचा तो नंबर सहसा चुकवत नाही.

पायरी २: कागद कुणी आणि कशासाठी लिहिला ते ओळखा

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हापासून खासरा, क-पत्रक, कोतवाल बुक हे शब्द गावोगाव झाले. आरक्षणाचा प्रश्न हा या लेखाचा विषय नाही. पण त्या शोधामुळे एक गोष्ट सगळ्यांना कळली की आपल्या पूर्वजांच्या खुणा किती वेगवेगळ्या खात्यांत पडून आहेत: महसूल, भूमी अभिलेख, शाळा, नोंदणी कार्यालय, पोलीस, तुरुंगसुद्धा.

यातला एकही कागद 'पुढे पणतू वाचेल' म्हणून लिहिलेला नाही. सरकारला सारा हवा होता, रोगाची साथ मोजायची होती, कुळाचा हक्क ठरवायचा होता. तेवढ्यापुरताच माणूस कागदावर येतो. म्हणून प्रत्येक कागदाला विचारायचं, 'तुला कशासाठी लिहिलं?'

मला कामी आलेले कागद:

• खासरा पाहणी पत्रक (१९५४-५५): शेतावर जाऊन केलेली पाहणी. यात पट्टेदार म्हणजे जमीन ज्याच्या नावावर तो, आणि कब्जेदार म्हणजे प्रत्यक्ष कसणारा, हे दोन वेगळे रकाने असतात. नवखा माणूस इथेच गडबडतो.

• कुळ नोंदवही: १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने संरक्षित कुळांच्या नोंदी झाल्या. जमीन नावावर नसलेल्या माणसाचं नाव सापडण्याची ही मोठी जागा.

• शेतवार पत्रक: निजामकाळातल्या मोजणीनंतरचं. कोणता सर्व्हे नंबर, किती क्षेत्र, किती सारा, कोणाच्या नावे.

• शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही: मुलाबरोबर बापाचं नाव आणि धंदाही यात मिळतो.

• १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही: त्या वर्षीच्या जनगणनेवरून केलेली. घरातल्या बायकामुलांसह सगळ्यांची नावं आणि वयं असल्यामुळे फार मोलाची.

• कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यू नोंदवही: नदीपलीकडे इंग्रजी अमलात ती मोडीत लिहिली जायची.

पायरी ३: लिपी आणि तारीख

आता येऊ चॅटबॉटकडे. छापील देवनागरी गूगल लेन्स बऱ्यापैकी वाचतं, कारण छापील अक्षर प्रत्येक वेळी सारखंच दिसतं. हाताने लिहिलेलं अक्षर माणसागणिक बदलतं. मोडीत तर अक्षरं एकमेकांत गुंतलेली, दोन शब्दांत जागा नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे मोडी अक्षर टाईप करता येतं. पण टाईप करता येणं वेगळं आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाचं अक्षर वाचता येणं वेगळं. त्यासाठी मॉडेलला हजारो नमुने दाखवून शिकवावं लागतं. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी पानांचा एक डेटासेट आणि मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारं मॉडेल मांडलं. दिशा चांगली आहे. पण आपल्या घरच्या कागदाचा निकाल आज त्यावर लावता येणार नाही.

माझी खरी चूक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत होती. मी चॅटबॉटला 'यात काय लिहिलंय?' असं विचारलं नाही. 'विठोबा लक्ष्मण आहे का?' असं विचारलं. ही मॉडेल्स पुढचा संभाव्य शब्द कोणता याचा अंदाज बांधून लिहितात. अक्षर पुसट असलं की त्यांना तुम्ही दिलेल्या शब्दाचाच आधार मिळतो. मी उत्तर प्रश्नातच देऊन ठेवलं होतं.

खरं वाचन झालं शहागंजला. माझ्या मित्राच्या नानांचं शिक्षण उर्दूत झालं आहे. त्यांना मी मुद्दाम कोणतंही नाव सांगितलं नाही, नुसतं पान दिलं. त्यांनी चष्मा पुसला, पान उजेडात धरलं आणि वाचलं: 'विठोबा वल्द राणोजी.' वल्द म्हणजे 'चा मुलगा'. नदीपलीकडच्या मराठी दप्तरात त्याच जागी 'बिन' असतं. म्हणजे चाळीस एकरवाले विठोबा राणोजींचे, आमचे लक्ष्मणचे. गाव एक, नाव एक, माणूस वेगळा. सर्व्हे नंबरही वेगळा होता, पण तो मी त्या दिवशी पाहिलाच नव्हता. आनंदाच्या भरात!

मग नाना म्हणाले, 'बेटा, नीचे भी एक विठोबा है.' चार ओळी खाली, निवाड्यातल्या आमच्याच सर्व्हे नंबरासमोर लिहिलं होतं: विठोबा वल्द लछमन. रकाना कब्जेदाराचा. पट्टेदार दुसरेच.

मग बाकीचे कागद भराभर जुळले. कुळ नोंदवहीत तोच नंबर, तेच नाव, तोच बाप. शेतवार पत्रकात मात्र पणजोबांचं नाव नाही, त्या नंबरासमोर पट्टेदाराच्या घराण्याचं नाव आहे. नाव न सापडणं हीसुद्धा माहिती असते. ते दुसऱ्याच्या शेतात कुळ म्हणून राबत होते आणि कायद्याने हक्क मिळाला तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. 'निजामापासूनची आपली जमीन' ही घरातली दुसरी गोष्ट. तीही खोटी ठरली. काकांना ते आवडलं नाही. मला स्वतःला चाळीस एकरांपेक्षा हे ऐकून पणजोबांबद्दल जास्त आदर वाटला.

आजोबांच्या शाळेची नोंद १३५२ सालची निघाली. घाबरू नका, हे फसली साल आहे. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू व्हायचं आणि महिन्यांची नावं आजूर, दय, बहमन अशी असायची. हिशेब सोपा आहे: ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवा, जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१. म्हणजे १३५२ फसली हे १९४२-४३. मराठी कागदात शके असेल तर साधारण ७८ मिळवा. त्या नोंदीत बापाचं नाव 'विठोबा वल्द लछमन', धंदा 'काश्तकार', म्हणजे शेती कसणारा.

पायरी ४: नदीच्या पलीकडे

आता उरला मूळ प्रश्न. ते आले कुठून आणि कधी?

गावाचा धागा कागदात नव्हता, आजीच्या बोलण्यात होता. एका संध्याकाळी मी मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून तिला दुष्काळाबद्दल नाही, देवाबद्दल विचारलं. ती म्हणाली, 'मामंजी दर चैत्रात नदीपलीकडं एका गावच्या यात्रेला नारळ घेऊन जायचे. आपला देव तिकडं हाय म्हनायचे.' गावाचं नाव तिला आठवत होतं! इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

त्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात त्या गावचं कोतवाल बुक होतं. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी माझ्याबरोबर दोन शनिवार बसून १८९० नंतरची पानं वाचली. त्यांनाही मी नाव आधी सांगितलं नाही. जे सापडलं ते असं:

१८९४: आमच्याच आडनावाच्या लक्ष्मणाला मुलगा. मुलाचं नाव लिहिलेलं नाही, फक्त 'मुलगा'.

१८९८: त्याच लक्ष्मणाला मुलगी.

मे १९००: त्याच लक्ष्मणाची बायको मयत. कारण, पटकी. म्हणजे कॉलरा.

त्यानंतर दहा वर्षांच्या पानांत त्या माणसाच्या घरची एकही नोंद नाही.

१८९९-१९०० च्या दुष्काळात, विशेषतः १९०० च्या उन्हाळ्यात, मुंबई इलाख्यात कॉलऱ्याने फार माणसं नेली. अन्न नाही, पाणी गढूळ आणि माणसांची गर्दी. १८९८ ला हे कुटुंब त्याच गावात होतं, त्यामुळे १८९६-९७ चा दुष्काळ बाद. १८७६ चा तर पणजोबांच्या जन्माआधीचा. १९५१ च्या नोंदवहीत पणजोबांचं वय ५५ लिहिलंय, म्हणजे जन्म १८९६ च्या सुमाराचा. दोन वर्षांचा फरक पडतो, पण त्या काळी वय अंदाजाने सांगत आणि पाच-दहाच्या पटीत लिहीत. ५५, ६०, ६५ अशी वयं तुम्हाला त्या पानांवर ढिगाने दिसतील. त्यामुळे जुन्या कागदातलं वय नेहमी पाच वर्षं इकडे-तिकडे धरून चाला.

मग सिद्ध झालं का? इथे प्रामाणिकपणे सांगतो: पूर्ण नाही. 'हा विठोबा त्या गावाहून आला' असं सांगणारा एकही कागद माझ्याकडे नाही. आडनाव, बापाचं नाव, देवाचं गाव, वय आणि १९०० नंतर नोंदी थांबणं, एवढं जुळतंय. माझ्या एक्सेल शीटमध्ये प्रत्येक कागदापुढे दोन रकाने आहेत: 'यावरून काय ठरतं' आणि 'यावरून काय ठरत नाही'. अलीकडच्या काठावरची साखळी हिरव्या रंगात आहे. नदी ओलांडण्याची ओळ पिवळी आहे, आणि दुसरा कागद मिळेपर्यंत पिवळीच राहील.

आजीचा प्रश्न

हे सगळं मी आजीला सांगितलं. चाळीस एकर गेल्याचं तिला काही वाटलं नाही. मे १९०० ची नोंद वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'तरीच मामंजी आईचं नाव कधी काढायचे न्हाईत.' आणि विचारलं, 'काय नाव होतं तिचं?'

मी फोनमध्ये पान पुन्हा उघडलं. माहीत होतं तरी उघडलं. तिथे 'लक्ष्मण याची बायको' एवढंच आहे. वय आहे, रोग आहे, तारीख आहे. नाव नाही. ज्या नोंदी सारा आणि वारसा बघण्यासाठी झाल्या त्यांत बाई सहसा कुणाची तरी बायको किंवा आई म्हणूनच येते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव लिहायचा नियम झाला. १९०० च्या त्या बाईसाठी तो सव्वाशे वर्षं उशिरा आला. ते नाव कोणत्याही अॅपमध्ये, कोणत्याही सर्चमध्ये आता सापडणार नाही.

तुम्ही सुरुवात कशी कराल?

१. आजच घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचं बोलणं रेकॉर्ड करा. 'इतिहास सांगा' म्हणू नका. देव कुठला, यात्रा कुठली, सोयरीक कुठल्या गावात, पाणी कुठून आणायचे, असं विचारा. फाईलला नाव आणि तारीख द्या, दोन ठिकाणी ठेवा.

२. घरातल्या बायकांची माहेरची नावं, त्यांच्या आयांची नावं, त्यांची गावं आधी लिहून घ्या. सातबारा दहा वर्षांनीही मिळेल, ही माहिती मिळणार नाही.

३. कागदाचा फोटो सपाट आणि उजेडात घ्या, फ्लॅश न वापरता. पान अर्धवट नको, वरचे रकाने आणि पान क्रमांक दिसला पाहिजे. रकान्याचं नाव दिसलं नाही तर पट्टेदार आणि कब्जेदार कळणार नाही.

४. नाव जसं लिहिलंय तसंच टिपा. 'लछमन' असेल तर लछमन. दुरुस्ती वेगळ्या रकान्यात करा.

५. एआयला द्यायचंच असेल तर 'पूर्ण पान जसंच्या तसं लिहून दे, न वाचता आलेली जागा रिकामी सोड' असं सांगा. नाव शोधायला लावू नका. आणि शेवटचं वाचन लिपी येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय आपल्या शहरातही आहे, आणि संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्गही घेतं. दोन-तीन मित्र मिळून शिकलात तर गावाचं काम होईल.

६. 'नोंद शोधून देतो, पैसे टाका' म्हणणाऱ्यांना आधार कार्डाचा फोटो पाठवू नका. मला एकाने कागद न बघताच फोनवर 'तुमची नोंद नक्की निघेल' असं सांगितलं होतं. कागद बघण्याआधी खात्री देणारा माणूस कागद बघणारच नाही, एवढं ओळखा. तसंच जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि नंबर वंशावळीच्या अॅपवर सगळ्यांना दिसतील असे ठेवू नका.

७. सगळ्यात शेवटी, ग्रुपवर टाकण्याआधी वडिलांचं नाव आणि सर्व्हे नंबर तपासा. दोनदा.

माझ्या शीटमध्ये आता वरून पहिली ओळ आजीची आहे. तिचं नाव, तिच्या आईचं नाव, तिच्या आजीचं नाव आणि तिघींची माहेरची गावं. तिने सांगितली, मी टाईप केली. या ओळीला कागदाचा पुरावा नाही, पण तिच्या आवाजातलं रेकॉर्डिंग आहे. त्यामुळे ती हिरवी.